काउंटरवर चित्त थाऱ्यावर कसं ठेवू?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी 36 वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत कॅश काउंटरवर बसते. शाखेत माणसं कमी आहेत, त्यामुळे दुसरा काउंटर बहुतेक बंदच असतो. लाडकी बहीणचे पैसे जमा झाले की आठवडाभर श्वास घ्यायला सवड मिळत नाही. त्यातच शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला विचारणा: आज किती विमा, किती नवीन खाती? दिवाळीनंतर एका संध्याकाळी कॅश टॅली होईना. पाच हजार कमी आले, ते मी खिशातून भरले. तेव्हापासून नोटांचं प्रत्येक पाकीट, म्हणजे गड्डी, तीन-तीनदा मोजते. तरी खात्री वाटत नाही, हात थरथरतात आणि रांग वाढत जाते.

मागच्या आठवड्यात एका आजोबांनी स्लिप दुसऱ्यांदा चुकीची भरली म्हणून मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर खेकसले. ते काही बोलले नाहीत, स्लिप घेऊन बाकावर जाऊन बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही. तशी हल्ली रोजच नीट लागत नाही. नवरा म्हणतो, ध्यान कर. ॲप घेतलं, पहाटे पंधरा मिनिटं बसते, पण डोळे मिटले की कालची कॅशच दिसते. आमच्या मुख्य कार्यालयानेही माइंडफुलनेसचं, म्हणजे सजग राहण्याच्या ध्यानाचं, ऑनलाइन सत्र ठेवलं होतं. ते मी एका कानात इअरफोन घालून, लोकांना पैसे देता देता ऐकलं. मला हे जमणारं नाही असं वाटतं. कामाच्या वेळी याचा खरंच उपयोग होतो का, की हे निवांत माणसांचं काम आहे?

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हे निवांत माणसांचं काम नाही. आपल्याकडे विपश्यना ही ध्यानपद्धती पुन्हा रुजली ती ज्यांच्यामुळे, ते ऊ बा खिन तुमच्यासारखेच दिवसभर आकड्यांत असत. 4 जानेवारी 1948 ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्या दिवशी ते त्या देशाचे पहिले महालेखापाल झाले. म्हणजे देशाच्या सगळ्या सरकारी हिशेबाची जबाबदारी त्यांच्यावर आली. नोकरी सोडून ते डोंगरात गेले नाहीत. आपल्याच कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी ध्यान शिकवलं. मायग्रेनने हैराण झालेले सत्यनारायण गोएंका 1955 मध्ये त्यांच्याकडे शिकायला आले तेव्हा तेही मोठा व्यापार सांभाळत होते. हेच गोएंका 1969 मध्ये भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आज जगभर माइंडफुलनेस म्हणून जे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं त्या वर्गातून आलं. तिथे येणारे लोक जुनाट दुखण्याने बेजार झालेले होते, औषधोपचारांनी त्यांना म्हणावा तसा आराम पडत नव्हता. तेव्हा डोक्याला ताप असलेल्या माणसांसाठीच हे आहे, असं खुशाल समजा.

आता "मला हे जमणारं नाही" याबद्दल. ॲप घेऊन बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हा गैरसमज असतो, आणि तो दूर झाल्याशिवाय पुढचं काही सांगून उपयोग नाही. मन रिकामं झालं पाहिजे, विचार थांबले पाहिजेत, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं काही व्हायचं नसतं. मन कालच्या कॅशकडे गेलं, गेलेलं तुमच्या लक्षात आलं, तुम्ही ते परत श्वासावर आणलं. एवढाच सगळा अभ्यास आहे. पंधरा मिनिटांत ते वीस वेळा पळालं आणि वीस वेळा तुम्ही आणलंत, तर तुमचा अभ्यास वीस वेळा झाला. पळालेलं लक्षातच आलं नाही, तर तेवढी वेळ हुकली, इतकंच. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी 2010 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. 2,250 लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं जाई: आत्ता काय करताय, आणि मन त्यातच आहे का? जवळपास 47 टक्के वेळा उत्तर आलं की मन भलतीकडेच आहे. जागेपणीचा निम्मा वेळ माणसाचं मन असं भटकत असतं. तुमच्यात काही वेगळा दोष नाही.

मात्र पहाटेची पंधरा मिनिटं सध्या सोडा. पाच पुरेत, आणि डोळे मिटायची सक्ती नको. ज्या माणसाला एखादा प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येतो, त्याला डोळे मिटून बसल्यावर तो आणखी ठळक दिसतो, हे मी फार जणांकडून ऐकलं आहे. डोळे उघडे ठेवा, नजर समोर फरशीवर सोडा, पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या. तेही जमेना तर चालताना करा. बसस्टँडपासून शाखेपर्यंतची वाट असेल, तर त्या वाटेवर फोन पर्समध्ये राहू द्या आणि पावलांकडे लक्ष ठेवा. पहाटे बसण्याइतकंच ते खरं आहे.

आणि आता काउंटर. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल, कारण तुमचं काम या अभ्यासाला अगदी सोयीचं आहे. लक्ष धरून ठेवायला काहीतरी हाताला लागणारं हवं असतं, आणि तुमच्या हातात दिवसभर नोटा असतात.

पाचशेची नोट घ्या. डावी-उजवी कड बोटाने चाचपून बघा. तिथे पाच तिरक्या रेषा आहेत, छपाईत मुद्दाम उठाव दिलेल्या. दोनशेच्या नोटेवर अशा चार रेषा आहेत आणि मध्ये दोन छोटी वर्तुळं. शंभरच्या नोटेवर नुसत्या चार रेषा. दृष्टिहीन माणसाला नोट ओळखता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने ही सोय केली आहे. तुमची बोटं रोज हजारो वेळा त्या रेषांवरून जातात आणि तुम्हाला पत्ता नसतो, कारण मन पाकिटाच्या पुढे, रांगेच्या शेवटी किंवा मागच्या दिवाळीत असतं. सकाळी तिजोरीतून कॅश घेतली की पहिलं पाकीट सावकाश मोजा. अंगठ्याला लागणारा कागद, करकरीत नोट आणि मऊ पडलेली नोट यांतला फरक, तो उठाव. मोजता मोजता मन निसटलं की "गेलं" एवढंच मनाशी म्हणा, आणि अंगठ्याकडे परत या. स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. पहिल्या एका पाकिटालाच हे करा. बाकीची पाकिटं नेहमीच्या वेगाने मोजा. दिवसभर असं मोजायला गेलात तर रांग बाजारपेठेपर्यंत जाईल, आणि ते कुणी मागितलेलंही नाही.

तीनदा मोजण्याची सवय मात्र मोडली पाहिजे, आणि ती भीतीवर हात ठेवूनच मोडावी लागेल. नेदरलँड्समधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी, 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर एक गॅसची शेगडी होती. ती नीट बंद केली का, हे काही लोकांना पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. शेवटी विचारलं तर त्यांना आठवत होतं ते बरोबरच होतं, पण त्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. आठवण अंधूक झाली होती. जितकं जास्त तपासलं तितकी खात्री कमी! तुमच्या पाकिटांचं नेमकं हेच झालंय. तिसऱ्यांदा मोजल्याने खात्री येत नाही, उलट पहिल्या दोन मोजण्यांवरचा भरवसा जातो. म्हणून नियम ठरवून टाका. एकदा मशीनवर, एकदा हाताने, आणि हाताने मोजताना पूर्ण लक्ष. दोन्ही जुळलं की पाकीट बाजूला. त्यानंतर "पुन्हा एकदा बघू का" असं वाटेल. छातीत कसंतरी होईल, हात आपोआप पाकिटाकडे जाईल. तिथे थांबा. ती भावना दाबू नका आणि तिचं ऐकूही नका. ती वर येते, थोडा वेळ राहते आणि ओसरते, हे बघायचं. सुरुवातीला हे फार अवघड जाईल, हे मला माहीत आहे. पण चार-सहा ग्राहकांनंतर तिचा जोर कमी होतो, आणि हे तुम्ही स्वतः अनुभवल्याशिवाय माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका.

हात थरथरायला लागले की श्वास बघा. बहुधा तो अडकलेला असतो. आपण घाईत पडद्याकडे बघताना नकळत श्वास रोखून धरतो. अशा वेळी "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला अर्धाच आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात, म्हणून सोडण्याचा वेळ वाढवायचा. नाकाने श्वास घ्या, भरल्यावर वरून आणखी थोडा घ्या, आणि मग तोंडाने सावकाश, पूर्ण संपेपर्यंत सोडा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये याच पद्धतीची इतर श्वसनप्रकारांशी आणि नुसतं बसून करायच्या ध्यानाशी तुलना केली होती. रोज पाच मिनिटं, महिनाभर. मन प्रसन्न होण्यात या पद्धतीने सगळ्यांत जास्त फरक पडला. तुम्हाला पाच मिनिटं कुठली मिळायला! पण पासबुक प्रिंटरमध्ये सरकवलं की तो कुरकुरत ओळी छापत असतो, तेवढ्यात असे दोन श्वास सहज होतात. सर्व्हर लटकला तर कितीही. त्या गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे बघत दात आवळण्यापेक्षा खांदे खाली सोडा आणि श्वास सोडा. ग्राहकाला काही कळणारसुद्धा नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल थोडक्यात. एक काम अर्धवट टाकून आपण दुसऱ्याकडे वळलो की मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. म्हणजे पैसे मोजता मोजता "किती विमा?" हा मेसेज तुम्ही नुसता वाचलात, उत्तर दिलं नाहीत, तरी मोजणीतून लक्ष गेलंच. कॅश शॉर्ट येऊ शकते ती अशाच फटीतून, आणि ती फट आधी लक्षात येत नाही. काउंटरवर फोन ड्रॉवरमध्ये, आवाज बंद. साहेबांना आधीच सांगून ठेवा की आकडे जेवणाच्या सुट्टीत आणि काउंटर बंद झाल्यावर देईन, हातात कॅश असताना फोन घेत नाही. ही मागणी शंभर टक्के रास्त आहे, मान खाली घालून करायची नाही. आणि मध्येच कुणी "मॅडम, जरा सही बघता का" म्हणत आलं, उठावंच लागलं, तर उठण्याआधी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहा: "500 चे 37 मोजले". दहा सेकंदांचं काम आहे, पण परत आल्यावर मनाला कुठे यायचं ते माहीत असतं.

आता आजोबा. तुम्ही एवढ्या मोठ्या पत्रात त्यांचं बाकावर जाऊन बसणं विसरला नाहीत, यावरून तुम्ही कशा आहात ते मला कळलं. राग येणं थांबवता येत नाही, ताई. पण राग तोंडात येण्याआधी अंगात येतो. कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाची मान ताठ होते. तुमचं काय होतं ते या आठवड्यात शोधून काढा. फक्त शोधा, बदलायला जाऊ नका. एकदा ती खूण सापडली की ती दिसताक्षणी पेन खाली ठेवायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. स्लिपकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. स्लिपवर आपल्याला चूक दिसते आणि चेहऱ्यावर माणूस. पुढचं वाक्य मग वेगळं निघतं. "आजोबा, राहू द्या, मी सांगते तसं लिहा" हे म्हणायला खेकसण्याइतकाच वेळ लागतो.

आणि त्यांची माफी मागा. ते पेन्शनला येत असतील तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा येतीलच. खेकसणं सगळ्यांसमोर झालं होतं, तर माफीही सगळ्यांसमोर मागा: "आजोबा, परवा मी तुमच्यावर ओरडले, तसं बोलायला नको होतं." एवढंच. त्या दिवशी किती गर्दी होती, हे सांगायचं नाही. रात्री अंथरुणात त्यांच्याबद्दल अपराधी वाटून घेण्यात जेवढी शक्ती जाते, तिच्या दशांशात हे होईल. शांत होणं म्हणजे मनातली बोचणी घालवणं, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. काही बोचण्या बरोबर असतात, त्या काय करायचं ते सांगतात.

इथवर मी तुम्हाला काय करता येईल ते सांगितलं. पण या सगळ्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण तुमच्या मुख्य कार्यालयाने त्या सांगितल्या असतील असं वाटत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ध्यानाच्या वर्गांवरचे 47 प्रयोग एकत्र तपासले, 3,500 हून अधिक लोकांचे. चिंता आणि उदासी कमी होण्याला मध्यम स्वरूपाचा आधार सापडला. एकाग्रता वाढते, झोप सुधारते, याला मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही. म्हणून महिनाभरात तुम्ही बिनचूक व्हाल, असं मी म्हणणार नाही. हात कमी थरथरतील, चूक झाली तर लवकर लक्षात येईल, संध्याकाळी घरी जाताना थोडी ताकद शिल्लक असेल. मी तुमच्यासाठी एवढ्याची आशा धरते.

आणि दोन काउंटरचं काम एका बाईने करणं, याला श्वासाचा उपाय नाही. त्याला माणूस लागतो. ग्राहक समोर उभे असताना इअरफोनवर शांततेचं सत्र ऐकायला लावणं हे चुकीचं आहे, आणि तुमचा त्या दिवशीचा वैताग अगदी योग्य होता. मन स्थिर होण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा दिसतो तो हा, की माणसाला आपलं काय चुकतंय आणि आपल्यावर काय लादलं जातंय, हे वेगवेगळं दिसायला लागतं. तेव्हा साहेबांना लेखी द्या. गर्दीच्या आठवड्यात दुसरा काउंटर उघडावा, आणि तुम्हाला काही महिने कॅशवरून काढून दुसऱ्या टेबलावर द्यावं. बँकांमध्ये कामं आलटून-पालटून देण्याची पद्धत असतेच, ती मागण्यात कमीपणा नाही. अर्जात तारखा घाला, कोणत्या दिवशी अंदाजे किती ग्राहक झाले ते घाला, पाच हजारांचा प्रसंग घाला. युनियनचा प्रतिनिधी असेल तर त्याला प्रत द्या. पुन्हा कधी कॅश जुळली नाही तर पैसे काढून मोकळं व्हायची घाई करू नका. त्याच संध्याकाळी साहेबांना सांगून दिवसभराच्या नोंदी आणि कॅमेऱ्याचं चित्रण बघायची मागणी करा. एकटीने गुपचूप भरलेले पैसे मनाला किती महागात पडतात, हे तुम्ही गेले काही महिने बघताच आहात.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. हात थरथरणं, झोप न लागणं, छातीत धडधड हे नुसत्या ताणाने होतं तसं थायरॉइड ग्रंथीचं काम वाढल्यानेही होतं, आणि तुमच्या वयाच्या बायकांमध्ये ते अजिबात दुर्मीळ नाही. फॅमिली डॉक्टरांना भेटा, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तपासण्या स्वच्छ आल्या आणि तरीही आणखी दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, किंवा सकाळी शाखेत जायच्या विचारानेच रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तालुक्याला सोय नसेल तर 14416 वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. फोन फुकट आहे, रात्रीअपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या नवऱ्याने ध्यान सुचवलं म्हणजे त्यांना काळजी आहे. डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत न्या, आणि कॅश शॉर्ट आल्याचं अजून घरी बोलला नसाल तर जाण्याआधी तेही त्यांना सांगा.